‘ड’ला मी दिलेले मार्क

आमच्या क्लासला एआयचं टूल कोणतं घ्यायचं ते मी ठरवलं. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. कुणी विचारलंच तर “मॅनेजमेंटनं ठरवलं” म्हणते आणि विषय बदलते. पण खरं ते खरं. कंपन्यांच्या लोकांना समोर बसवून मी घाम फोडला, मार्कांचा तक्ता मी आखला, मार्क मी दिले, खाली सही माझी. कुणी माझा हात धरून ती करून घेतलेली नाही.

लातूरला मी वीसेक वर्षं केमिस्ट्री शिकवते. अकरावी-बारावीची आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची मुलं. मुरुड, चाकूर, निलंग्याकडची, पार तिकडं देगलूर-बिलोलीपर्यंतची पोरं येतात, एका खोलीत चौघं राहतात, मेसचं पाण्यासारखं वरण खातात आणि डॉक्टर व्हायचं म्हणतात. आमच्या क्लासची एक शाखा नांदेडलाही आहे. मालक दोन्हीकडं फिरत असतात. तोंडावर आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणतो, पाठीमागं ‘मालक’. माणूस गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्या माणसाशी जपून वागावं हे मला घरून शिकवलेलं होतं, पण उपयोग काय झाला?

आमच्याकडं डाउट काउंटर असतो. ज्यांनी लातूरचे क्लास पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लेक्चर संपलं की मुलांची खरी अडचण सुरू होते. शंभर पोरांत हात वर करून विचारायची लाज वाटते, म्हणून मूल आपली शंका एका चिठ्ठीवर लिहितं आणि काउंटरवर घेऊन जातं. आमचा काउंटर जिन्याखाली होता. एक टेबल, दोन बाक, एक खुर्ची. त्या खुर्चीवर सर बसायचे.

हे सर म्हणजे माझेच सर. मी चाकूरला अकरावी-बारावीत असताना त्यांनी मला केमिस्ट्री शिकवली. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. बारावी झाली की पोरीचं लग्न, हे घरात ठरल्यातच जमा होतं. सर एके दिवशी गिरणीत आले, पिठानं भरलेल्या बाकड्यावर तसेच बसले आणि म्हणाले, “पोरीला नांदेडला बीएस्सीला घाला. लगीन काय, नंतरबी होतंय.” वडील म्हणाले, तिथं राहायचं कुठं? सर म्हणाले, “माझं घर हाय की.” नांदेडला त्यांच्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं, दुकानाच्या मागं घर. होस्टेलला नंबर लागेपर्यंत महिना-सव्वा महिना मी त्या घरात राहिले. सरांच्या अम्मी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-भात करायच्या. मी दोन दिवसांनी सांगितलं की वेगळं भांडं नको. इकडं चाकूरला गल्लीत आमच्या घरावर चर्चा झाली. माझे वडील म्हणाले, “करू द्या. लोकांना काय, तोंड हाय म्हणून बोलतेत.” मी आज जी काही आहे ती त्या महिन्यामुळं आहे. हे मी भाषणांत पुष्कळदा सांगितलं आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत.

सर रिटायर झाले, वर्षभरात त्यांच्या मिसेस गेल्या. मुलगी नांदेडला, ती रोज फोन करून “अब्बा, इकडं या” म्हणायची. सरांना जायचं नव्हतं. “जावयाच्या घरी बसून पेपर वाचू का? पेपर वाचून झाल्यावर काय करू?” असं मला म्हणाले. तेव्हा मी मालकांशी बोलून त्यांना आमच्या काउंटरवर आणलं. क्लासच्या मागच्याच गल्लीत त्यांनी एक खोली घेतली. सकाळी दहाला येऊन बसायचे ते संध्याकाळपर्यंत.

सरांची पद्धत वेगळी होती. चिठ्ठी हातात आली की ते उत्तर सांगायचे नाहीत. चिठ्ठी उलटी करायचे, मागच्या बाजूला एकच प्रश्न लिहायचे आणि परत द्यायचे. “जा, हे करून आण.” पोरगं फुरंगटून बाकावर जाऊन बसायचं. सर सुपारी कातरत त्याच्या पेनाकडं बघत राहायचे. पेन जिथं थांबेल तिथं उठून जायचे आणि मग बोलायला लागायचे, ते अर्धा-अर्धा तास. शिव्या पण द्यायचे. “अरे बाबा, हे तुला नववीत शिकवलंय की! नववीत झोपला होतास का?” एक कान कमी ऐकायचा, त्यामुळं सगळं वरच्या पट्टीत. प्रयत्न न करता आलेल्याला सरळ हाकलून द्यायचे. एका पालकानं तक्रार केली होती की माझ्या मुलीला तीन वेळा परत पाठवलं. सर मुळीच संत नव्हते. पण पोरं परत परत त्यांच्याकडंच जायची आणि रांग जिन्यावर चढायची.

तर एका दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्या क्लासांनी शंका सोडवायला एआय घेतलंय, आपण मागं पडतोय, तीन कंपन्या आल्यात. “निवडायचं कुणी? मला त्यातलं काय कळतंय? मॅडम, तुमच्यासारखं पारखी माणूस आपल्याकडं दुसरं न्हाई.” चढवलं मला हरभऱ्याच्या झाडावर, आणि मी चढले. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काही निवडायला सांगत होतं. तोवर आम्हाला फक्त टाइमटेबल मिळायचं.

एवढं मात्र विचारलं, “काउंटरचं काय?”

“काउंटर राहणार की! टूल जोडीला. सरांचंबी ओझं कमी होईल.”

सरांच्या कानावर हे आधीच गेलं होतं. मी काउंटरवर गेले तर ते चष्मा पुसत म्हणाले, “बेटा, मशीन येऊन राहिली म्हणं.”

“येऊ द्या की सर. तुमच्या खुर्चीला कोण हात लावतंय? निवडणारी मीच आहे.”

“मला नांदेडला जायचं न्हाई. तेवढं बघ.” एवढंच बोलले आणि पुढच्या पोराची चिठ्ठी घेतली.

मी बघते म्हणाले. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

मग कंपन्यांची वरात सुरू झाली. एक जण लातूरलाच आला, दोघांचं दाखवणं नांदेडच्या शाखेत होतं, म्हणून मी एसटीनं नांदेडला गेले. पहिल्या कंपनीचं टूल प्रत्येक शंकेला “तुमचा प्रश्न अत्यंत उत्कृष्ट आहे” म्हणायचं. एका पोरानं मुद्दाम लिहिलं, “पाणी ओलं का असतं?” तरी प्रश्न अत्यंत उत्कृष्ट! सगळी खोली हसली. दुसऱ्याला मराठी येत होती पण आपली मराठी येत नव्हती. बिलोलीकडच्या एका मुलीनं लिहिलं, “मी सोडवून राहिले पण उत्तर येऊनच नाही राहिलं,” तर ते तिला घर सोडून राहण्याबद्दल सल्ला द्यायला लागलं. तिसरं टूल चांगलं होतं. आता कडवट तोंडानं का होईना, चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे. तीच मुलगी, जी वर्गात मान वर करत नाही म्हणे, तिनं त्या टूलला एकाच गणितावर अकरा वेळा प्रश्न विचारले. अकराही वेळा त्यानं न वैतागता उत्तर दिलं. शेवटी तिचा चेहरा उजळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्या कंपनीचा माणूस म्हणाला, “मॅडम, हे थकत नाही, चिडत नाही, सुट्टी मागत नाही. आणि सुपारी खात नाही.” आमच्या काउंटरबद्दल त्याला कुणीतरी सांगितलं असणार. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

लातूरला परत आल्यावर मी सरांना ते टूल माझ्या मोबाइलवर दाखवलं. मला वाटलं होतं नाकं मुरडतील. त्यांनी शांतपणे तीन-चार प्रश्न विचारले, चष्मा वर करून उत्तरं वाचली. “चांगलं सांगतंय की. माझ्यापरीस सोपं करून सांगतंय.” मग मोबाइल परत देत म्हणाले, “पोरगं बोललं तर सांगंल. पोरगं गप बसलं तर काय करंल?” मी म्हटलं, “म्हणून तर तुम्ही आहात.” त्यांना ते बरं वाटलं असावं. चहा मागवला.

आता मार्कांचं. मी कित्येक वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत. ज्यांनी तपासलेत त्यांना माहीत आहे, ते काम हात करतो. गठ्ठा समोर, मान खाली, लाल पेन. पायरी दिसली की खूण. सूत्र लिहिलं, अर्धा मार्क. किमती घातल्या, अर्धा. एकक लिहिलं, अर्धा. उत्तर कुणी लिहिलं, पोरगं हुशार की ढ, त्याला खरंच कळलं का, हे विचारायला तिथं वेळ नसतो आणि विचारायचंही नसतं. याच सवयीनं मी टूल तपासायचा तक्ता केला. पाच रकाने: अचूकपणा, पूर्णपणा, पायऱ्या, भाषा, समाधान. काउंटरच्या डब्यातल्या चाळीस जुन्या चिठ्ठ्या घ्यायच्या, प्रत्येक टूलला त्या चाळीस शंका द्यायच्या, उत्तरं ऑफिसमध्ये एकसारखी टाइप करायची. आणि मी म्हटलं, “साहेब, नावं झाकून द्या. अ, ब, क असं लिहा. नाहीतर कोण गोड बोललं ते माझ्या डोक्यात राहील.” नावं झाकायची अक्कल माझी. मालकांच्या डोक्यात ते आलं नसतं. त्यांना ते फार आवडलं, दोनदा “वा” म्हणाले.

आठवड्यानं गठ्ठा आला तर त्यात अ, ब, क आणि ड. मी विचारलं, तीनच कंपन्या होत्या ना?

“आणखी एक हाय. आपल्या इथलंच. बघा जमतंय का.”

मला वाटलं लातूरच्याच कुण्या इंजिनिअर पोरानं काहीतरी बनवलं असेल. आपल्याकडचं म्हणून थोडी माया वाटली. माया पाचव्या-सहाव्या उत्तरापर्यंत टिकली.

दोन दुपारी मी स्टाफरूममध्ये बसून तपासलं. ‘अ’ लांबण लावत होतं. ‘क’ मधेच भलतीकडं जायचं. ‘ब’ सुरेख, मला कळलंच की हे ते नांदेडचं टूल. पायऱ्या एकाखाली एक, शेवटी सारांश. लाल पेन सरसर चालत होतं. आणि हे ‘ड’! एका ओळीचं. कधी अर्ध्या. आणि तेही उत्तर नाही, उलटा प्रश्न. शंका होती, “बफर द्रावणात आम्ल टाकलं तरी पीएच का बदलत नाही?” तिघांनी पानभर समजावलं होतं. ‘ड’नं लिहिलं होतं, “बदलत नाही हे कोणी सांगितले? मोजलास का?” मी शेजारी लिहिलं, “उत्तर टाळतं. भाषा उद्धट.” शून्य. दुसरी शंका, दोन पदार्थ दिले असतील तर अभिक्रिया कोणत्या पदार्थामुळं थांबते ते कसं ओळखायचं? ‘ड’ म्हणतं, “भाकरी करताना घरात आधी पीठ संपते की पाणी? ते बघून ये.”

इथं माझा हात थांबला. मी शपथेवर सांगते, थांबला. काहीतरी ओळखीचं वाटलं. काय ते लक्षात येईना. ऑफिसच्या बाईंनी सगळ्यांची उत्तरं साफसूफ करून छापील मराठीत टाइप केली होती, बोलणाऱ्याचा आवाज त्यात कुठं उरला नव्हता. तेवढ्यात बेल झाली, पुढच्या तासाला माझं लेक्चर होतं, त्याआधी चाळीस मिनिटांत उरलेला गठ्ठा संपवायचा होता. मी लिहिलं, “उदाहरण अशास्त्रीय. पायऱ्या नाहीत.” एक मार्क दिला. तो एक मार्क कशाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी शेऱ्याच्या जागी ‘ब’साठी चार ओळी कौतुक आणि ‘ड’साठी हे: “हे टूल विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याच्या लायकीचं नाही. विद्यार्थ्याची शंका सोडवण्याऐवजी त्याला कमी लेखतं. तत्काळ नाकारावं.” खाली सही, तारीख. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. किती कडक तपासलंय, कुणाची भीड नाही!

मीटिंगला मालक, ऑफिसच्या बाई, अकाउंटंट आणि मी. मालकांनी जाहीर केलं, ‘ब’ पहिलं, ‘ड’ शेवटी. मग माझ्याकडं बघून हसले. “मॅडम, ‘ड’ कोण ते विचारलं न्हाई तुम्ही.”

“कोण?”

“आपले सर.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “सर काय?”

“काउंटरवरचे सर. त्याच चाळीस चिठ्ठ्या त्यांना नव्यानं लिहून दिल्या होत्या. त्यांनी मागं जे लिहिलं ते टाइप केलं. तुम्हीच म्हणालात नावं झाकून द्या. आता मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही भावनेत गेला असतात का न्हाई? तुमचेच सर ते.”

मी ओरडलेच. “अहो, चिठ्ठीवर ते उत्तर लिहीतच नाहीत! त्यांचं शिकवणं त्यानंतर सुरू होतं! पोरगं बाकावर बसतं, ते बघतात, मग सांगतात!”

“हाव, मग ते तक्त्यात कुठं बसतंय?” मालकांनी तक्ता माझ्याकडं सरकवला. पाच रकाने. माझ्याच हातानं आखलेले, पट्टी लावून. मी त्या पाच रकान्यांकडं बघत राहिले. पोरगं बाकावर बसल्यानंतरचं त्यातल्या एकातही घालता येत नव्हतं.

“मी परत तपासते,” मी म्हटलं.

“आता नाव कळलं की तुम्हाला. आता तपासून काय उपयोग?”

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं वेगळं. तो धोंडा मी दुसऱ्याच्या पायावर पाडला होता, तोही नेम धरून.

दुपारी मी ते गठ्ठे परत काढून बसले आणि बफरचं उत्तर पुन्हा वाचलं. पीएच बदलतो. फार थोडा बदलतो, पण बदलतो. पोराची समजूतच चुकीची होती, आणि तिन्ही मशिनींनी ती चुकीची समजूत खरी धरून पानभर स्पष्टीकरण दिलं होतं. मी तिघांना अचूकपणाच्या रकान्यात पूर्ण मार्क दिले होते. चूक पकडणारा एकटा ‘ड’. धावत केबिनमध्ये गेले. मालकांनी शांतपणे ऐकलं. “एका प्रश्नानं काय होतंय मॅडम? चाळीस होते.” मग म्हणाले, “आणि हे बघा, काउंटर मी बंद करायचं म्हणत नव्हतो. तुमचा शेरा वाचला. ‘विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याच्या लायकीचं नाही.’ उद्या एखाद्या पालकाच्या हाती हा कागद लागला तर मी काय सांगू?”

ते खरं बोलत होते की आधीपासून ठरवून आले होते, मला सांगता येत नाही. मला वाटतं ठरवून आले होते. पण ठरवलेलं पार पाडायला जो कागद लागत होता, तो त्यांना मी दिला.

राजीनामा द्यायचा विचार केला. दोन दिवस केला. माझी मुलगी त्याच क्लासला बारावीत होती, नवऱ्याचं म्हणणं “वर्ष तरी संपू दे,” अशी कारणं हजार मिळतात, शोधायला जावं लागत नाही. तेवढ्यात मालकांनी नव्या टूलची जबाबदारी माझ्याकडं दिली. दारावर माझ्या नावाची पाटी लावली. मी ती पाटी काढून टाकली नाही. अजून तिथंच आहे.

काउंटर बंद झाला आणि सरांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, सत्काराचं पाकीट. पोरांनी हॉल भरून टाकला होता, मागं उभी होती. मालकांनी मलाच बोलायला सांगितलं आणि मी बोलले. गिरणीतला बाकडा, नांदेडचं घर, अम्मींचं वरण-भात, सगळं सांगितलं. पोरी रडल्या. सर समोर बसून स्वतःच्या हाताकडं बघत होते. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, गहिवरले असतील.

त्यांना तक्त्याबद्दल काही माहीत नाही अशा समजुतीत मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. मुलगी नांदेडहून न्यायला येणार होती. सर पुस्तकं सुतळीनं बांधत होते. बुकबाइंडरचा मुलगा, गाठी कशा पक्क्या. “ये बेटा, बस,” म्हणाले. मी खाटेवर बसायला गेले तर तिथं पाकीट उघडं पडलेलं होतं आणि बाजूला माझा तक्ता, ‘ड’पुढं कुणीतरी पेननं ‘काउंटर’ लिहिलेला. ऑफिसनं त्यांच्या फाइलीतल्या हिशेबाच्या कागदांबरोबर त्याची झेरॉक्स आत घातली होती. चुकून घातली की मुद्दाम, मी कधी विचारलं नाही. सर तो कागद समारंभाच्या आधी वाचून आले होते. पाकीट ऑफिसनं त्यांना समारंभाच्या दिवशी सकाळीच दिलं होतं.

मी तक्ता पालथा घातला. शेवटी म्हटलं, “सर, मला माहीत नव्हतं ते तुम्ही आहात.”

“माहीत असतं तर?”

“तर असं लिहिलंच नसतं.”

“मंग काय लिहिलं असतंस? ‘सर आहेत, सांभाळून घ्या’?” ते हसले नाहीत. सुतळीची गाठ दातानं ओढली. “पेपर नाव झाकूनच तपासावा. त्यात तुझं काय चुकलं न्हाई.”

“नाही सर, चुकलं. माझा हात थांबला होता. भाकरीपाशी. मला ओळखीचं वाटलं होतं.”

हे मी का सांगितलं? सांगून हलकं वाटेल असं वाटलं असेल. सर पहिल्यांदाच काम थांबवून माझ्याकडं बघायला लागले. मी हात जोडले, म्हटलं, “माफ करा सर. आग लागो त्या मशिनीला, ती आली नसती तर हे काही झालंच नसतं.”

“मशिनीला कामून शिव्या देतीस?” सर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, एरवी ते कायम ओरडून बोलायचे. “मला तिचा राग न्हाई. तिला मी थोडंच शिकवलं होतं?”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्यांची मुलगी आली होती. मी उठून पुस्तकांचा एक गठ्ठा उचलायला गेले. “राहू दे,” म्हणाले आणि माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला. मग एकेक करत सगळे गठ्ठे त्या वयात ते स्वतःच जिन्यावरून खाली घेऊन गेले, आणि मी खोलीत उभी राहिले.